पेशंट येण्याआधीचा उतार

लेक बारावीत गेली त्याच उन्हाळ्यात मी पिपरी मेघेतल्या आमच्या घराच्या पायऱ्या फोडून तिथे उतार बांधून घेतला. लेक डॉक्टर होणार, मग पेशंटची चाकाची खुर्ची वर चढणार कशी?

बायको म्हणाली, "पोरीची परीक्षा व्हायची हाये, अन् तुम्ही दवाखाना बांधून राह्यले!"

दुपारी डोळा लागला की त्या उतारावरून माणसं यायची, कापसासारखी हलकी. लेक त्यांच्या कपाळावर हात ठेवायची आणि ती बरी होऊन आर्वीच्या दिशेनं तरंगत जायची. नंबर पुकारायला अर्थात मीच.

निकालात मेडिकल हुकलं. पुढे कृषी महाविद्यालयात नंबर लागला, तेव्हा प्रवेशाला एकच दिवस उरला होता.

"अजून एक वर्ष बसून पाह्य ना, बेटा," मी म्हटलं.

लेक उताराच्या टोकावर बसली होती. "बाबा, मले शेतीचंच शिकायचं हाये. क्लासहून येऊन हा उतार चढताना रोज वाटे, पेशंट मीच हाओ."

त्या दुपारी डोळे मिटले, पण कोणीच आलं नाही. उठलो आणि म्हटलं, "जाय, घे प्रवेश."

होस्टेलला निघायच्या दिवशी तिची चाकांची पेटी आम्ही उतारावरून सोडली. पेटी अलगद निघाली आणि मग सुसाट सुटली. अडवायला मी धावलो, पाय घसरला आणि पेटीच्या आधी खाली पोचलो, तेही बसून.

लेकीनं माझा गुडघा दाबून पाहिला. "जास्त नाई लागलं, बाबा. उठा."