मामा माग चुकले

माझ्या सासऱ्यांना सही करता येत नव्हती, पण त्यांच्याइतकं वाचन केलेला माणूस उभ्या मराठवाड्यात झाला नसेल. मी मास्तर आहे. पुस्तकं वाचणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत आणि त्यातली निम्मी दुसऱ्या पानावर पेंगतात. मामा जमीन वाचायचे, आणि वाचताना त्यांची पापणी लवत नसे. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मी मामा म्हणायचो. पण पुढे पुढे सगळं गावच त्यांना मामा म्हणू लागलं. वारंगा फाट्यावर बसमधून उतरून दोन कोस चाललं की त्यांचं गाव यायचं. लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मामा रानात होते. दिवस कलता घरी आले, ते दारातच वाकून उभे राहिले आणि घरात न डोकावता सासूबाईंना म्हणाले, "जावई आलेत. उजव्या हातात जड पिशवी व्हती. अन् नवी चप्पल चावून राहिली त्यायला." चप्पल मी सासुरवाडीसाठी म्हणून आदल्या दिवशी हिंगोलीत घेतली होती आणि दोन्ही अंगठ्यांना फोड आले होते. पाहुण्याने असं उघडं पडायचं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

खरं तर मला आधीच सावध व्हायला हवं होतं. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मामांनी ना पत्रिका मागितली, ना पगार विचारला. "पाव्हनं, पाय धुऊन या," एवढंच म्हणाले. पाण्याचा हौद अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि मधे मुद्दाम पसरल्यासारखी मऊ माती. मी गेलो, आलो. माझ्यामागून मामा कमरेत वाकून चालत होते. त्यांचं काही हरवलंय असं वाटून माझे वडीलही बिचारे शोधायला लागले. मग मामा ओसरीवर येऊन बसले आणि त्यांनी निकाल दिला, "पोरगं सरळ हाय. घाई करत न्हाई. डाव्या टाचंवर जरा जास्त दाब हाय, जिद्दी असंल, पण चालंल." लग्न ठरलं. तेव्हापासून आमच्या घरात जे भांडण होतं त्याचं खापर शांता, म्हणजे माझी बायको, माझ्या डाव्या टाचेवरच फोडते.

मामांचं वाचन पहाटे अंगणापासून सुरू व्हायचं. हात पाठीमागे बांधून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. रात्री कोणाची शेळी सुटली, मांजर किती वेळा आलं, शेजारीण काही मागायला दारापर्यंत येऊन लाजून परत कशी गेली, हे सगळं त्यांना चहाच्या आधी ठाऊक असे. तोवर सासूबाई खराटा घेऊन ताटकळत उभ्या. "आटपा, अजून किती पानं राह्यली?" असं त्या रोज विचारायच्या. अंगणात कोणी लेकरू धावत आलं की मामा ओरडायचे, "माग तुडवू नको!" देवाच्या मूर्तीला पाय लागल्यावर माणूस जेवढा कळवळेल तेवढे ते पावलाच्या ठशावर पाय पडला की कळवळत. एखादा ठसा आवडला तर त्यावर टोपलं पालथं घालायचे. एकदा घरातली सगळी टोपली अशी कामाला लागल्यामुळे भाकरी पातेल्यात ठेवाव्या लागल्या होत्या. आणि गावातली एक वरात, नवरदेव घोड्यावर असताना, मामांच्या टोपल्याला वळसा घालून गेलेली मी स्वतः पाहिली आहे. वाजंत्रीवाल्यांनीसुद्धा कुरकुर केली नाही.

हा मान त्यांना फुकट मिळालेला नव्हता. निजामाच्या राज्यात बैल चोरीला गेले की माग काढणाऱ्याला बोलावत. त्याने चोराचा माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवला की पुढची जबाबदारी त्या गावाची. मामा मिसरूड फुटायच्या आधीपासून हे काम करत, आणि त्यांचा माग कधी चुकला नाही. मामांना तुम्ही काहीही म्हणू शकत होता. त्यांच्या मेंढ्या मरतुकड्या आहेत म्हणा, त्यांचं आंबाडीचं शेत वाया गेलंय म्हणा, ते हसत. फक्त "मामा, चुकलात वाटतं" एवढं म्हणायचं नाही. गावात एक निवृत्त हवालदार होते, परवान्याची बंदूक बाळगणारे. वाटेवरचा एक खूर पाहून मामा गाय म्हणाले आणि हवालदार बैल म्हणाले. पुढच्या वळणावर गाय भेटली. हवालदारांनी तिथल्या तिथे कान पकडले, तरीही मामांनी त्यांच्या हातचा चहा सव्वा वर्ष घेतला नाही. गाय निघाली हे ठीक, पण यांनी शंका घेतलीच कशी, हा मामांचा मुद्दा होता.

अशा माणसाचं एकच दुःख होतं: माळावर वाचण्याजोगं काही उरलं नव्हतं. पूर्वी त्या माळावर लांडगे होते. मेंढ्या जायला लागल्या की मेंढपाळ आणि शिकारी मामांना बोलावत, मामा माग काढत बिळापर्यंत नेत, बिळात मिरच्यांची धुरी दिली जाई, आणि बाहेर येईल ते मारलं जाई. शेवटी माळावरचा लांडगा संपला. दहाबारा वर्षं एकही ठसा नाही. "कुत्र्याचा माग काय वाचायचा," मामा मला सांगायचे. "कुत्रं इकडं हुंगतंय, तिकडं मुततंय, त्याला कुठं जायचं ते त्यालाच ठाव न्हाई. लांडगा कामाला निघाल्यावानी जातो. एका दोरीत. पुढच्या पायाच्या ठशावर बराबर मागचा पाय ठिवतो." एरवी पाहुण्यांची स्तुती करतानाही ते इतके मोकळे होत नसत. मी सुट्टीत गेलो की मला बरोबर नेऊन शिकवायचे. शिकवणं म्हणजे मी सांगायचं आणि त्यांनी "न्हाई" म्हणायचं.

सत्तर सालानंतरची गोष्ट, शिकारीवर बंदी आणणारा कायदा नुकता झाला होता. पौषात मी सासुरवाडीला गेलो तर गावभर एकच विषय. लिंबाजीची तीन कोकरं आठवड्यात गेली होती. लिंबाजी हा मामांचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघांनी एका कळपामागे पोरवय घालवलेलं. त्याने नाल्याजवळच्या एका ठशावर टोपलं झाकून मामांना बोलावून घेतलं होतं. मामांनी टोपलं उचललं, पाहिलं, पुन्हा झाकलं आणि म्हणाले, "आला." लिंबाजीचा चेहरा पडलेला, म्हणून मामांनी उपरण्याने तोंड पुसल्यासारखं करून हसू दाबलं. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा अर्धी भाकरी जास्त जेवले, असं सासूबाईंनी मला कौतुकाने आणि थोड्या रागाने सांगितलं.

संध्याकाळी हॉटेलात गाव जमलं. हॉटेल म्हणजे दोन बाकं आणि एक स्टोव्ह, पण त्या दिवशी तिथे विधानसभा भरली. हवालदार म्हणाले, बीळ शोधा, धुरी द्या, मी आहेच. हरभरेवाले शेतकरी म्हणाले, "राहू द्या की. हरणं हरभऱ्याचा घाटा ठिवत न्हाईत. लांडगा असला तर जरा धाकात राहतील." मी शिकलेला म्हणून माझ्याकडे पाहिलं गेलं, तेव्हा मी सांगितलं की आता सरकारच जनावरं वाचवायचं म्हणतंय, पेपरात आलंय. लिंबाजीने शांतपणे विचारलं, "मास्तर, सरकारच्या मेंढ्या किती हायेत?" सगळे हसले.

मग मामा बोलले. लांडगा लंगडं, खोकणारं जनावर आधी नेतो, त्यामुळे कळपातला आजार कळतो. लांडगा गेल्यापासून कुत्री ऐदी झाली आणि मेंढरं येडी झाली, असं त्यांचं म्हणणं. लिंबाजी म्हणाला, "माझं तिसरं कोकरू धडधाकट व्हतं. त्याच्या मायनं दोन दिस चारा तोंडात घेतला न्हाई. त्याचं काय सांगतूस?" मामांनी मान डोलावली, कारण ते खरं होतं. लिंबाजी जवळ सरकून बसला. "तू चल. तुझ्याबिगर कोन दाखवंल? बारा गावात दुसरं हाय कोन?" मामांच्या मिशा फुलल्या. त्या क्षणी मला त्यांचा राग आला, खोटं कशाला सांगू. एवढं लांडग्याचं कौतुक, आणि कोणी बारा गावं म्हटल्याबरोबर विरघळले. "सकाळी निघू," ते म्हणाले.

सकाळी आम्ही आठ जण निघालो. पुढे मामा, मागे मी, मग लिंबाजी, बंदूक घेतलेले हवालदार, आणि मिरच्यांचं गाठोडं आणि पाचट घेतलेली गावची माणसं. नाल्यात रात्रीच्या दवाने वाळू ओलसर होती. तिथे तो ठसा मला दिसला, मला म्हणजे कायम नापास होणाऱ्या विद्यार्थ्याला. मधली दोन बोटं पुढे, नखं स्पष्ट, उजवीकडच्या दरडीकडे तोंड. छाती फुगली माझी. मी बोलणार एवढ्यात मामा पटका सोडून पुन्हा बांधायला त्या ठशावरच उभे राहिले. बांधताना पाय दोनतीनदा इकडचे तिकडे केले. ते निघाले तेव्हा तिथे नुसती वाळू होती. मला वाटलं, म्हातारा आज लक्ष देत नाही. पुढे चार हातांवर दुसरा ठसा होता. मामांनी तिथे पाय फरफटवला, आणि मागे न पाहता म्हणाले, "हिकडं काय न्हाई. डावीकडं चला."

ज्या माणसाने आयुष्यात कोणाला माग तुडवू दिला नाही, तो स्वतःच्या टाचेने माग पुसत चालला होता. मी मुकाट डावीकडे वळलो.

पुढचे अडीच तास मामांनी जे केलं ते मी नाटकातही पाहिलेलं नाही. कुठे माती हुंगली, कुठे बोरीच्या काट्याला अडकलेला केस उन्हात धरून पाहिला, कुठे सगळ्यांना श्वास रोखून उभं केलं. शेवटी एका टेकाडाखालच्या बिळाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हेच." पाचट पेटलं, मिरच्या पडल्या. वारा आमच्या बाजूचा. लांडग्याचं राहिलं बाजूला, आठ माणसं खोकून खोकून आडवी झाली. तेवढ्यात बिळातून खुळखुळ आवाज आला आणि एक भलंमोठं साळिंदर, काटे फुलवून, उलट्या पावली हवालदारांवर चालून आलं. हवालदार बंदुकीसकट बोरीच्या झुडपात गेले. त्यांना ओढून काढायला चौघं लागले आणि त्या चौघांनाही हसण्यामुळे धड ओढता येईना. साळिंदर मात्र रागारागाने आमच्याकडे पाठ करून निघून गेलं.

धोतरातले काटे काढत हवालदार म्हणाले, "मामा, चुकलात वाटतं."

मामांनी पटका काढला, डोकं खाजवलं. "व्हय," ते म्हणाले. "चुकलो. डोळं गेलं आता." सगळे हसले, लिंबाजी तेवढा हसला नाही. तो बराच वेळ मामांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "चल घरी. वय झालं आपलं." त्याच आठवड्यात त्याने कळप नदीकाठच्या शेतांवर बसवायला नेला, तिथल्या शेतकऱ्यांना खताला मेंढ्या हव्याच होत्या. मामांनी आपला लाडका कुत्रा स्वतः नेऊन त्याच्या कळपावर बांधला.

साळिंदराच्या बिळाहून परतलो त्या दुपारी ओसरीवर मी त्यांच्या पायातला काटा काढत होतो. घरात कोणी नव्हतं. मी म्हणालो, "मामा, नाल्यात मी पाहिलं."

"कोन्ता पाय?" त्यांनी लगेच विचारलं.

"पुढचा उजवा."

"अन् दुसरा?"

"मागचा."

"न्हाई. तो बी पुढचाच, डावा. मागचा त्याच्यावर पडल्ता." जरा थांबून ते म्हणाले, "मादी व्हती. पाजती. मागली पावलं जरा फाकून पडत व्हती, दूध भरल्यावानी." मग काट्याकडे पाहत हळूच म्हणाले, "पाव्हनं, सात बिळं दाखिवली म्या जिंदगीत. समदी बराबर निघाली. धुरीनं बाहेर आलेली पिल्लं लई बारकी असतात. एक तरी चुकायला पायजे व्हतं." शांताला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. मी कबूल केलं.

त्यानंतर गावात ठशावर टोपलं झाकून मामांना बोलावणं बंद झालं. शेळी हरवली तर माणसं स्वतःच शोधायची. "साळिंदर दाखवा की" म्हणून पोरंही टिंगल करायची आणि मामा त्यांच्याबरोबर हसायचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा ते मला माळावर घेऊन गेले. डबक्याच्या कडेला चिखलात बारके बारके ठसे होते, एकमेकांवर पडलेले, कोणाचा कोणता ते लागू नये असे. मामा गुडघ्यावर बसले. त्या दिवशी त्यांनी मला काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघं तिथे नुसते बसून होतो.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेराव्याला हवालदारांनीच साळिंदराची गोष्ट काढली, प्रेमाने काढली, आणि मांडवात सगळे हसले. शांताही डोळे पुसत हसली. "शेवटी शेवटी दिसत नव्हतं हो त्यांना," ती म्हणाली. "माग चुकू नये म्हणून किती जपायचे, अन् त्यातच फजिती झाली." मीही हसलो. दिलेला शब्द होता. पण तिच्या आवाजात जी कीव होती ती मला अजून टोचते. हवालदार नाहीत, लिंबाजीही नाही. आता शब्द मोडला तर मामा रागावतील, फार तर सव्वा वर्ष बोलणार नाहीत. हे लिहून झालं की मी शांताला हाक मारून समोर बसवणार आहे आणि तिला वाचून दाखवणार आहे. तिच्या वडिलांना त्या दिवशी सगळं स्वच्छ दिसत होतं, एवढं तिला कळायला हवं.