मायचा हौद

पाण्याच्या उपचारावर माझा बिलकुल विश्वास नव्हता. छातीइतक्या पाण्यात रोज चाललं की अंगाचा भार हलका होतो, गुडघ्यांना आराम पडतो, असं अंबडच्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मायला सांगितलं. मी म्हणाले, पाण्यात बसून गुडघे बरे झाले असते तर एकही म्हैस लंगडली नसती!

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, गुडघे बदलावे लागतील. माय आपरेशनला जाम घाबरायची. म्हणून वडीगोद्रीच्या शेतात, मोसंबीला पाणी द्यायच्या सिमेंटच्या हौदात, ती शेजारच्या मावशीला घेऊन उतरायला लागली. फोनवर रोज तेच पालुपद, "लई फरक हाय बाई. आता आपरेशनचं नाव काढू नको."

इतक्या जल्दी फरक? कुठंतरी पाणी मुरत होतं. मावशीला विचारलं तर ती खुदुखुदू हसायची. "कशाला चवकशा करून राह्यली? बरी हाय तुझी माय." त्या हसण्यानं माझं डोकंच फिरायचं. खोटं बोलून माय स्वतःचे पाय घालवून बसणार, अंथरुणाला खिळणार, याची मला खरंच भीती वाटत होती.

मंग एका रविवारी जालन्याहून न सांगताच गेले. चपला बांधावर काढल्या आणि चोरासारखी हौदाच्या आडोशाला उभी राहिले. आतून धापा, हसणं, आणि तोंडानं फुगडीचा पक्-पक् पकवा!

डोकावले तर दोघी म्हाताऱ्या हाताला तिढा घालून पाण्यात फिरत होत्या. लुगडी फुगून वर आलेली. पंचमीला बाया फुगड्या घालायच्या तेव्हा माय कित्येक वर्षं नुसती ओट्यावर बसून बघायची. मला रडूच आलं.

मला बघताच दोघींचे हात सुटले. माय कठडा धरून कशीबशी बाहेर आली आणि भुईला पाय टेकताच "आई गं" म्हणून वाकली. काठी मीच हातात दिली.

"खोटं बोलत होतीस ना मला?" मी ओरडलेच.

"आत दुखत न्हाई," ती म्हणाली. "बाहेर हाय तसंच हाय."

ती पदर पिळायला लागली. मंग माझ्याकडं न बघता म्हणाली, "आपरेशन केल्यावर भुईवर फुगडी घालता येती का, तेवढं इचार डॉक्टरला. येत आसंल तर उद्याच चल."