भांड्यावरचं नाव

कागद खरे मानायचे, तर माझी आजी मेली आणि मेल्यावर तीन वर्षांनी तिनं अंगठा उठवून करमाडला शेत विकत घेतलं.

हे मला मामेभावाच्या फाइलीतून कळलं. गेली दोन-तीन वर्षं आमच्याकडं ज्याला त्याला पणजोबाचा कागद हवा आहे. जातीच्या दाखल्यासाठी निजामाच्या काळातली नोंद लागते. त्यामुळं एरवी आजोबांच्या फोटोवरची धूळ न पुसणारी माणसंही तहसीलमध्ये रांगा लावून बसली. मामेभावाला हवी ती नोंद मिळाली. तो पेढे घेऊन आला आणि कौतुकानं फाइल माझ्या हातात दिली. पस्तीस वर्षं शाळेत पेपर तपासल्यामुळं चूक सापडल्याशिवाय माझ्या हातून कागद खाली ठेवला जात नाही. उर्दू कागदांना मराठी तर्जुमा जोडलेला होता. मृत्यूच्या नोंदीत लिहिलं होतं, आजोबांची बायको, नाव अमुक, तापानं मयत. पुढच्या खरेदीखतात पुन्हा आजोबांची बायको, नाव तेच, आणि खाली अंगठा.

मी आधी लिहिणाऱ्या कारकुनाचा उद्धार केला. मामेभाऊ हसला. आजोबांनी दुसरं लग्न केलेलं विसरलीस का, म्हणाला. विसरले नव्हते. आई पहिलीची, मामा दुसरीचा. आई दीड वर्षाची असताना तिची आई गेली. दोघींचं नाव एकच होतं, हेही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. योगायोग म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. इतकी वर्षं मुलांच्या चुका काढल्या, पण घरातली ही गोष्ट मला खटकली नाही.

आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. पितृपक्षातली नवमी हा नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा दिवस. त्या दिवशी ती दरवर्षी एका सवाष्णीला जेवायला घालते आणि पान वाढताना आपल्या आईचं नाव घेते. आईचा चेहरा तिला आठवत नाही. फोटो नाही. तिच्याजवळ आहे ते एवढं नाव, आणि ते नाव घातलेली एक पितळी घागर. मी फाइलीतली गंमत तिला सांगायला गेले. तिला ती गंमत वाटली नाही. तिनं घागर पुढ्यात ओढली आणि म्हणाली, ‘‘एकाच घरात दोघींचं एकच नाव कसं आलं, ते नवमीच्या आत शोधून दे.’’

आजोबांच्या पिढीतली एकच बाई उरली आहे, त्यांची धाकटी चुलत बहीण. ती शेंद्र्याला नातवाकडं असते. नातू कंपनीत, म्हातारी दिवसभर टीव्हीसमोर. मी विचारलं तेव्हा तिनं मान फिरवण्याचीही तसदी घेतली नाही.

‘‘लग्नात सुनेचं नाव बदलायचंच असायचं. पहिलीचं बदललं, दुसरीलाबी तेच दिलं. भांड्यावर नाव घातलेलं होतं ना. एवढी भांडी परत कुणी कोरायची?’’

पहिलीचं माहेरचं नाव काय, विचारलं. तिला आठवत नव्हतं. दुसरीचं? तेही नाही. तिच्या आवाजात लाज नव्हती की दुःख नव्हतं. ही लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे असं तिला कधी कुणी सांगितलंच नसावं.

मला मात्र संताप आला. लहानपणी मी जिला आजी म्हणायचे ती दुसरी. तिच्या गळ्यात मेलेल्या सवतीच्या नावाचा टाक असायचा. चांदीचा एवढासा तुकडा, त्यावर डोळे म्हणून दोन ठिपके. दररोज ती आधी त्या टाकाला कुंकू लावायची, मग स्वतःला. मेलेल्या बाईचा संसार, मूल, टाक आणि नाव, सगळं तिच्या अंगावर घातलं होतं. आईला ती जेवायला उशिरा वाढायची म्हणून मी तिच्यावर डूख धरून होते. तुझं खरं नाव काय, असं मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

पहिलीचं माहेर बिडकीनकडचं. तिकडं तिच्या भावाचा नातू सापडला. जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, घर हललं, जुनं काही उरलं नाही, असं त्यानं दारातच सांगितलं. पण त्यानंही दाखल्यासाठी गावच्या जन्मनोंदीच्या नकला काढून ठेवल्या होत्या. त्यांच्या झेरॉक्स त्यानं बिनबोभाट दिल्या. त्या घेऊन मी रोशन गेटजवळच्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडं गेले. हल्ली निम्मा जिल्हा आपले पूर्वज वाचून घ्यायला त्यांच्याकडं येतो. त्यांनी चष्मा पुसला, बोट ठेवत ठेवत खाली आले. भावांची नावं निघाली. बैलांच्या नोंदीचा एक कागद चुकून त्यात आला होता, त्यात बैलाचा रंग आणि शिंगंसुद्धा लिहिली होती. मग एका ओळीवर ते थांबले.

‘‘ये रही आप की नानी. बाप का नाम है, तारीख है. आगे सिर्फ दुख्तर लिखा है. मुलगी.’’

मी तो कागद त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतला.

घरी येताना मामेभावाला फोन केला. म्हटलं, तुझ्या वंशावळीत दोन्ही आज्या वेगळ्या दाखव, निदान तेवढं कर. तो समजावणीच्या सुरात बोलला. ताई, कागद एकदाचे जुळलेत, आता उकरू नको, आणि वंशावळीत बायका नसतातच. ते खरं होतं. मी नंतर पाहिलं. आजोबांच्या खाली एकच रेघ, ती मामाकडं जाणारी. माझी आईसुद्धा त्यात नव्हती. मग मी त्याला जे बोलले ते लिहिण्याजोगं नाही, पण परत घेणार नाही.

आईला मी सगळं सांगितलं. एखादं गोडसं नाव रचून सांगावं असं मनात आलं होतं, पण या घरात तिच्या आईला आधीच एक बनावट नाव मिळालेलं होतं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘म्हणजे इतकी वर्षं मी पान कुणाला वाढलं?’’

नवमीला तिनं नेहमीसारखा स्वयंपाक करवला. शेजारची सून सवाष्ण म्हणून आली. आईनं खीर वाढली, भाजी वाढली, पानाभोवती पाणी फिरवलं. नाव घ्यायची वेळ आली तशी ती थांबली. मग पानाकडं बघून म्हणाली,

‘‘बाई, तुझं जे काय नाव असंल, त्या नावानं जेव.’’

शेजारच्या सुनेला वाटलं, तिलाच सांगितलं. ती हसली आणि आपलं नाव सांगून जेवायला बसली.