सोळाचा आकडा आणि सासूबाईंचं लुगडं

मोठा आकडा म्हणजे मोठी गोष्ट, हे मी सरकारी नोकरीत शिकलो आणि कॅमेऱ्यालाही तेच लावलं.

लातूर जिल्हा नुकताच नवा झाला होता. कचेरी नवी, साहेब नवे, भिंती कोऱ्या. मी साधा कारकून, पण जीभ वर्ग एकची! बोलून गेलो, "साहेब, जिल्ह्यातल्या पक्ष्याचा असा फोटो आणतो की बघत राहाल."

"आणा. माझ्या दालनातच लावू," साहेब म्हणाले. सगळी कचेरी ऐकत होती. आता फोटो आला नाही तर निवृत्तीपर्यंत माझी टिंगल ठरलेली.

नांदेडच्या हबीबभाईंचा फोटो स्टुडिओ. दोस्तीखातर त्यांनी कॅमेरा, दोनशे मिलिमीटरची लांबलचक लेन्स आणि काटकुळ्या पायांचा स्टँड दिला.

"देखो भाई, लेन्स लांब असली की जरासं हललं तरी फोटो बिघडतो. शटर अडीचशेच्या खाली नको, हळू उघडझाप झाली की फोटो हलतो. लेन्सच्या छेदाचा आकडा लहान ठेवा, म्हंजे भोक मोठं, उजेड जास्ती. ध्यानात राहील?"

"हाव, हाव!"

(लातूरला परतताना एस्टीत लोह्यापर्यंत राहिलं. अहमदपूर येईतो सगळं उलटं झालं!)

घरी बायकोला म्हणालो, "शोभा, उद्या पहाटे भाकरी बांधून दे. अहमदपूरकडच्या तळ्यावर पक्षी लई जमलेत."

पक्षी पाण्यावर येतात एवढं मला ठाऊक होतं. पक्षी आहेत म्हणजे पाणी आहे, हे तिला ठाऊक होतं! त्या वर्षीच्या दुष्काळात आमचा नळ नुसता फुसफुसायचा. पहाटे दारात पाहतो तर शोभा, सासूबाई आणि महिन्याभराच्या धुण्याची दोन गाठोडी.

"मामी, तुम्ही कशाला?"

"तुमी पाखरं बघा की, जावईबापू. आमी काय तुमच्या पाखरांना खाऊन राहिलो का?"

तळ्यात मधोमध गुडघाभर पाणी उरलं होतं आणि त्यात बगळेच बगळे. मी ऐटीत स्टँड मांडला. छेदाचा आकडा सोळा, सगळ्यात मोठा! मग कॅमेऱ्यातली उजेड मोजणारी सुई हलेना. उजेड कमी पडतोय म्हणून शटर खाली आणत आणत तिसावर आणलं, तेव्हा कुठं सुई जाग्यावर आली. मी स्वतःचीच पाठ थोपटली. वारा सुटला होता आणि स्टँड हिवताप आल्यागत थरथरत होता. मी पस्तीस फोटो धडाधड काढले.

तेवढ्यात सासूबाईंनी पहिलं लुगडं दगडावर आपटलं. धप्प! सगळे बगळे भुर्रर्र! एक म्हातारा राखी बगळा तेवढा पुतळ्यासारखा उभा. रोलमध्ये एकच फोटो उरलेला. मी डोळा लावला आणि स्टँड जोरात दबला. खाली पाहतो तर कॅमेऱ्याखाली, तिन्ही पायांवरून नऊवारी लुगडं, न पिळलेलं, टपटप गळणारं!

"मामी! त्यावर नको!"

"मग काय बाभळीवर टाकू? काट्यानं फाटंल की!"

"अहो, लेन्स दुसऱ्याची हाय!"

"आन लुगडं माझं हाय!"

भांडावं तर बगळा उडणार. मी दातओठ खात बटण दाबलं आणि नशिबाला शिव्या दिल्या.

हबीबभाईंनी रोल धुतला आणि कपाळाला हात लावला. "भाई, पस्तीस फोटोंत बगळा न्हाई, पिंजलेला कापूस हाय. पर ये छत्तीसवा... वा! पीस न् पीस मोजून घ्या!"

फोटो कचेरीत साहेबांच्या दालनात लागला. मी शोभाला आणि सासूबाईंना मुद्दाम बघायला नेलं. साहेबांना कॅमेऱ्यातलं कळत होतं. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "शटर किती?"

"तीस, साहेब."

"दोनशेच्या लेन्सवर तीस? आणि एवढा स्थिर?"

मी छाती फुगवली. "साधना, साहेब. श्वास रोखून धरावा लागतो."

"श्वास कशाचा रोखून राहिले?" मागून सासूबाई कडाडल्या. "स्टँड डुगडुगत व्हता. माझ्या वल्ल्या लुगड्याच्या वजनानं दबला, म्हून बगळा नीट आला!"

कचेरी अशी हसली की पंख्यावरची धूळ खाली आली. मी बगळ्यासारखा एका पायावर उभा.

शनिवारी साहेबांचा शिपाई घरी आला. साहेब रविवारी विष्णुपुरीला, गोदावरीकाठी, पक्ष्यांचे फोटो काढायला निघाले होते. मी आनंदानं उठून चपला शोधू लागलो.

"तुमी बसा," शिपाई म्हणाला. "सायबांनी मावशींना बोलावलंय. लुगडं तेवढं घेऊन या म्हणले."