फुल रेंज, नेट नाही

मोबाईलवर बघायचं ते बघून झालं की भाऊ लगेच डेटा बंद करायचे आणि मोठ्याने सांगायचे, "झालं माझं. घ्या कोणीतरी!" घेणारा कोण, हे आमच्या काळाचौकीच्या चाळीत कोणालाच कळत नसे. तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस असेल. त्याच्या सवयीला आपण आधी हसतो आणि मग ती आपल्यालाही लागते.

भाऊ लोअर परळला एका मोबाईल कंपनीत होते. फोन नेटला जोडला की त्याला कंपनीच्या साठ्यातून आकड्यांचा एक पत्ता मिळतो. काम संपलं की तो परत जातो आणि दुसऱ्या फोनला मिळतो. त्या साठ्यावर भाऊंची देखरेख. मी शाळामास्तर, मला ते उमजेना. तेव्हा त्यांनी गॅलरीच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"मास्तर, संडास चार, खोल्या चाळीस. तरी भागतं ना? कारण माणूस बाहेर येतो. आत बसून कोणी पेपर वाचायला लागला, की बोंब."

"म्हणजे तुम्हीच," आतून वहिनी म्हणाल्या.

ते खरंच होतं.

दोन वर्षांपूर्वीचा गणपतीच्या आगमनाचा रविवार. कंबर मोडल्यामुळे आईला त्या वर्षी पहिल्यांदाच जिना उतरता येत नव्हता, आणि आमच्या गॅलरीतून समोरची भिंत सोडून काही दिसत नाही. मी रस्त्यावरून व्हिडिओ कॉल करायचा आणि बायकोने वर आईसमोर फोन धरायचा, असं ठरलं. रेकॉर्ड करून आणतो म्हटलं, तर आई म्हणाली, "नंतर बघूक ती काय सिरीयल आसा?"

ढोल जवळ आले. फोनवर रेंज फुल, पण व्हिडिओ लागेना. शेजारी भाऊ उभे होते.

"पत्ते संपले," ते म्हणाले. "एवढे फोन एका रस्त्यावर! थांबा." साधा कॉल लागत होता. त्यांनी ऑफिसातल्या मुलीला फोन लावला. "अगं, जो फोन मिनिटभर गप्प बसेल त्याचा पत्ता काढून घे."

झालं भलतंच. पत्ता गेलेले हजारो फोन एकदम नवा पत्ता मागायला लागले. होतं तेही नेट गेलं.

"चुकलं माझं," भाऊ ओरडले. "आता दारातच चेंगराचेंगरी. पूर्वीसारखं कर. आणि ऐक, ऑफिसांसाठी राखलेला साठा आहे ना? आज सगळी बंद आहेत. तो इकडे लाव... परवानगी? साहेब जेवत असतील. माझं नाव घाल."

मूर्ती आमच्यासमोर आली. भाऊ एका कानात बोट घालून, भिंतीकडे तोंड करून, ओरडून आकडे सांगत होते. मूर्ती पुढे सरकायला लागली तेव्हा माझ्या फोनवर आई उमटली. मी हात उंच केला. आईने हात जोडले. ती नुसती बघत राहिली. मग मी आनंदाने फोन भाऊंकडे वळवला.

"अरे, केवढो घामलो तो," आई म्हणाली. "त्येका आधी पाणी दी."

पुढे परवानगीशिवाय साठा वळवल्याबद्दल भाऊंना ऑफिसातून खुलासा मागणारं पत्र आलं. ते त्यांनी आईला वाचून दाखवलं, अगदी चाल लावून.

गेल्या थंडीत भाऊ गेले. त्यांच्या घरातल्या फोटोत ते टाय लावून बसलेत. तो माणूस माझ्या फारसा ओळखीचा नाही. मला दिसतात ते त्या दुपारचे, फोन खिशात टाकून वळलेले भाऊ.

"आली का मूर्ती?"

"गेली, भाऊ. ती बघा, कोपरा वळतेय."

"अरे देवा! मी बघितलीच नाही!"

आणि पायातल्या चपला हातात घेऊन, पोट सावरत, "सरका हो, जरा मलाही बघू द्या," असं ओरडत ते गर्दीत घुसले.