ऐकल्याबिगर ऐकलं म्हनू नको

तानीआतेला एखादा शब्द विचारला की ती आधी उलट विचारी, "कोन बोलतंय? नि कोनाशी?" ते कळल्याशिवाय ती शब्द देत नसे.

दरडीला भेग दिसली की वाडीवरून लगेच कळवता यावं, म्हणून महाडच्या आमच्या ऑफिसात एक वेब अ‍ॅप तयार होत होतं. ते वाडीच्या बोलीत आणायचं काम माझ्याकडे आलं. बोलीसाठी मी गाठली कापडे गावाच्या वरच्या वाडीतली आमची ही शेजारीण. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तिला माझा अभिमान होता. आदर मुळीच नव्हता.

ज्या तयार सांगाड्यावर अ‍ॅप उभं होतं, त्याच्या भाषांच्या यादीत आमची बोली कुठून असणार? शेवटी मी तिचे शब्द आइसलँडच्या भाषेच्या नावाखाली घुसवले. शब्द आमचे दिसले, पण तारखा आइसलँडच्या भाषेत. आते मोबाइलकडे बघत म्हणाली, "पोर आमचं नि आडनाव शेजाऱ्याचं! असं कसं रे सायबा?" तारखा दुरुस्त करण्यात माझे चार दिवस गेले.

निरोप पाठवला की "नोंद झाली" असं येई. आतेने ते तीनदा नाकारलं.

"नोंद झाली म्हंजे ऐकलं कोनी?"

"सर्व्हरने, आते."

"मग मार त्याला हाक."

मी कपाळावर हात मारला. तिने मला अंगणाच्या कडेला नेलं आणि पलीकडच्या उतारावर हाक घातली, "सुमे गोऽऽ, कोयता धाड!" तिसऱ्या हाकेला तिकडून आलं, "ऐकलं गोऽऽ!" तेव्हा कुठे आते वळली. "आता पोचला सांगावा. त्याआधी नुसता वारा."

"ऐकलं" या एका शब्दापायी सगळी रचना बदलावी लागणार होती. मशीनच लगेच "ऐकलं" म्हणेल, असं मी सुचवलं. ती भडकली. "ऐकल्याबिगर ऐकलं म्हनू नको! मानूस त्या भरवशावर घरात बसून ऱ्हाईल." मग मी चरफडत महिनाभर खपलो. आता निरोप गेला की "वाट बघा" दिसतं. ऑफिसातल्या माणसाने बटण दाबलं, तरच "ऐकलं".

गेल्या थंडीत आते गेली.

यंदा आषाढात तिच्याच सुनेचा निरोप आला: घरामागे भेग, हात जाईल एवढी. त्या दिवशी बटणाची पाळी माझी होती, आणि मी जेवत होतो. सवयीने अंगठा बटणावर गेला आणि थांबला. मी नुसतं वाचलं होतं. उठलो, तहसीलला फोन लावला, वाडीकडे गाडी निघाल्याची खात्री केली, मग "ऐकलं" दाबलं.

संध्याकाळी शाळेत हलवलेल्या माणसांत सून भेटली. "अर्धा तास वाट बघत व्हते, भावजी," ती फणकारली. "सासू असती तर तिनं महाडापत्तुर हाक घातली असती."