पाणी स्थिर होईपर्यंत

किस्से गर्दीत घडतात असं लोकांना वाटतं. माझ्याकडचे साठलेत ते ऐकायला कुणी नाही म्हणून. नांदेडच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी काचेच्या टाकीत बुडबुडे सोडते आणि ते वर जाताना पाणी कसं ढवळतात त्याचे फोटो काढते. पीएचडी त्यावरच. कामाचा कंटाळा नाही हो, एकटं बसायचा येतो. समोर कुणी बोललं नाही तरी चालेल, नुसतं बसावं.

*

औशाच्या आत्यानं स्थळ आणलं. मुलानं विचारलं, "बुडबुडा फुटला की काय करता?"

"दुसरा सोडते."

आत्या आतून खाकरली. पाहुण्यांनी पोहे संपवले. "कळवतो" म्हणाले, अजून कळवतायत.

*

माझ्याच विषयात पीएचडी करणारा संगमेश्वर लातूरला बसून हेच बुडबुडे कॉम्प्युटरवर सोडायचा. त्याच्याकडे दोन बुडबुडे भेटले की एक व्हायचे, माझ्याकडे टेकून परत बाजूला. रोज फोनवर भांडण. "माझा कोड बरोबर हाय, तुझं पाणीच येडं हाय," म्हणायचा.

निघालं तसंच. टाकीत बोअरचं पाणी, आणि क्षार असले की बुडबुडे एकमेकांत मिसळायला मागत नाहीत. शुद्ध पाणी भरलं, लगेच एक झाले. भांडण मिटलं तसा त्याचा रोजचा फोनही मिटला. आता तो हैदराबादला नोकरीत आहे. खारं पाणीच बरं होतं, असं मला लई वेळा वाटतं.

*

फोटोसाठी लेझर चालू असला की दारावर लाल दिवा लावायचा, म्हणजे कुणी आत येत नाही. एकदा तो दिवा बंद करायचा राहिला. आठवडाभर जळत होता. कुणाची तक्रार नाही, कारण कुणी आलंच नव्हतं.

*

सर नव्या पोरांना लॅब दाखवायला आणणार होते. एखादा जोडीदार मिळेल म्हणून मी टाकी घासून लख्ख केली. एकानं विचारलं, "मॅडम, यात एआय हाय का?"

"नाही, पाणी आहे."

पोरं शेजारच्या लॅबमध्ये गेली. त्यांच्यामागं सरही गेले.

*

आई गेल्यापासून दादा, म्हणजे माझे वडील, बिलोलीला एकटेच असतात. रोज संध्याकाळी फोन करतात. "चहा घेतलास का? बरं, कामात असशील, ठेवतो." मी "थांबा" म्हणेपर्यंत कट.

मागं एकदा लॅब बघायला आले. मी नुकती टाकी भरलेली. म्हटलं, "दादा, पाणी स्थिर होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही." खुर्चीत असे बसले, की खोकला आला तर आधी हात वर करून परवानगी मागितली. पाणी थांबलं, बुडबुडा वर गेला, तेव्हा कुठं श्वास सोडला.

दुसऱ्या संध्याकाळी फोन आला. "टाकी भरलीस का?"

"हो, आत्ताच."

पुढं काहीच नाही. मला वाटलं, कट झाला. "दादा?"

"बोलू नको, पाणी हलंल," ते हळूच म्हणाले. "थांबूस्तोवर मी बसतो हितं."

आणि बसले. पलीकडं त्यांचा पंखा फिरत होता, अधूनमधून खुर्ची करकरत होती.

आता रोज विचारतात, टाकी भरलीस का. परवा गळती काढायला टाकी उपसून कोरडी केली होती.

मी म्हटलं, "हो दादा, काठोकाठ."